मदत हवी आहे: कार्डामुळे वाढलेला किरकोळ खर्च कसा ओळखावा?

क्रेडिट कार्ड हाती असले की हात सैल सुटतो, असे सर्रास म्हटले जाते. परंतु आपल्या रोजच्या खर्चात हे कितपत घडते, हे तपासण्याची भरवशाची रीत मला हवी आहे. ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांच्या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी कार्डाने पैसे देणार असलेल्यांची सरासरी बोली रोखीवाल्यांच्या दुपटीहून अधिक निघाली होती. मात्र अशा तिकिटाला नेमके किती मोजावेत हे कोणालाच ठाऊक नसते, उलट साबणाची किंमत वेष्टनावरच छापलेली असते, त्यामुळे तो निष्कर्ष किरकोळ खरेदीला जसाच्या तसा लावणे मला पटत नाही.

खरी अडचण हिशेबाची आहे. कार्डाच्या मासिक विवरणपत्रात तारीख, दुकानाचे नाव आणि एकूण रक्कम एवढेच असते. त्या एकाच ओळीत गरजेचा साबणही असतो आणि गल्ल्याशेजारी दिसले म्हणून सहज उचललेले पेनही. देय रक्कम मुदतीत पूर्ण भरत असल्याने व्याजाचा प्रश्न नाही (तो असता तर हिशेब सोपा झाला असता!), प्रश्न केवळ वाढीव खरेदीचा आहे.

एक महिना रोख आणि एक महिना कार्ड अशी तुलना केली, तर लांबणीवर टाकलेली खरेदी पुढच्या महिन्यात जमा होऊन आकडे फसवे ठरणार नाहीत का? की पावत्या जपून प्रत्येक वस्तूची स्वतंत्र नोंद ठेवणेच योग्य? कोणी असा पडताळा घेतला असल्यास कृपया पद्धत सविस्तर सांगावी.