लो-व्हीओसी क्लिअर मारलं, बॉनेटवर संत्र्याची साल आली. काय चुकलं?

दांडियाबाजारची_पद्मिनी:

बाबांची १९८८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. ते गेल्यावर चार वर्षं कव्हरखाली उभी होती, उंदरांनी मागची सीट खाल्ली. इंजिन झालं, पत्र्याचं काम झालं, आता रंग मी स्वतः करतोय. नोकरी बँकेत, त्यामुळे आजवर रंगाशी संबंध दिवाळीत गॅलरीचा कठडा रंगवण्यापुरताच.

अडचण अशी की आईला दमा आहे आणि आम्ही राहतो पार्किंगच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर. प्रायमर मारला त्या दिवशी थिनरचा वास जिना चढून देवघरापर्यंत पोचला, आईला दोनदा पंप घ्यावा लागला. म्हणून क्लिअरसाठी, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरासाठी, मुद्दाम लो-व्हीओसी (हवेत उडून जाणारी द्रावकं कमी असलेला) माल आणला. हाय सॉलिड टू-के (हार्डनर मिसळून घट्ट होणारं) क्लिअर, त्याचाच हार्डनर आणि कमी व्हीओसीचं थिनर. वास खरंच वेगळा आहे. नेलपॉलिश पुसायच्या पाण्यासारखा, आणि पटकन उडून जातो.

रविवारी दुपारी तीनला फवारलं. बडोद्यात पारा ४२ वर. कॉम्प्रेसर एक एचपीचा, गन एचव्हीएलपी (कमी दाबाची, पण भरपूर हवा खाणारी), नोझल १.४. पहिला हात ठीक वाटला. दुसऱ्या हाताला माल पिठासारखा कोरडा बसायला लागला, म्हणून थिनर थोडं वाढवलं आणि तिसरा हात जाड दिला. संध्याकाळी बघतो तर बॉनेटभर संत्र्याची साल. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ दिसायला हवं, ते फाफड्यासारखं वेडंवाकडं. शिवाय पुढच्या कडेला, ग्रिलच्या वर, सुईच्या टोकाएवढी भोकं. फोटो टाकलेत.

हा मालच असा असतो का? दुकानदार आता म्हणतो, लो-व्हीओसीने काच फिनिश येतच नाही. विकताना मात्र तोंडातून चकार शब्द नाही.

रॉकेट_राओपुरा:

भाई, सोप्पं आहे. पुढच्या वेळी त्यात १० टक्के एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचं) थिनर घाल. मस्त पातळ होतं, मस्त पसरतं. आम्ही मोटरसायकलच्या टाक्या अशाच करतो.

मकरपुरा_बूथ:

एनसी थिनर चुकूनही घालू नका. राओपुरावाले, तुमच्या टाक्या बहुतेक एनसी लॅकरच्या असतील, तिथे ते चालतं. टू-केमध्ये नाही.

आता दांडियाबाजार. मी २२ वर्षं गन धरतोय, मकरपुरा जीआयडीसीत. तुमचा दुसरा फोटो मोठा करून पाहिला. ड्रायव्हरच्या बाजूला साल बारीक आहे, मोसंबीसारखी. दुसऱ्या टोकाला जाताजाता जाड होत गेली आहे. सुरुवात ड्रायव्हरच्या बाजूने केली असणार, बरोबर? नुसता माल वाईट असता तर साल सगळीकडे सारखी दिसली असती. तुमची हवा मध्येच संपत होती. एक एचपीचा कॉम्प्रेसर ताशी नव्हे, मिनिटाला चारेक घनफूट हवा देतो. एचव्हीएलपी गनला आठ-दहा, कधी बाराही लागते. टाकी भरलेली असते तोवर थेंब बारीक फुटतात, बॉनेटच्या मध्यावर आलात की दाब पडतो, थेंब मोठे होतात आणि तसेच बसतात. साध्या पातळ मालाला ते एक वेळ खपतं. हाय सॉलिड म्हणजे द्रावक कमी, राळ जास्त. तो मुळात जड असतो, त्याला फोडायला हवा जास्त लागते. इथेच बरेच जण फसतात आणि मालाला शिव्या घालतात.

दुसरं म्हणजे तुमचं थिनर. वासाचं वर्णन केलंत त्यावरून त्यात ॲसिटोन भरपूर आहे. ॲसिटोन ५६ अंशाला उकळतं. दुपारी तीनला बॉनेटचा पत्रा किती तापलेला असतो ते पालथा हात ठेवून बघा. थेंब गनमधून निघून पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा सुकलेला. मग तो पसरणार कसा? आणि वरची साय धरली की तिसऱ्या जाड हाताखालचं द्रावक अडकतं. ते उशिरा बाहेर पडतं ते साय फोडूनच. तुमच्या पुढच्या कडेची भोकं हीच. कडेला गन वळवताना सगळेच थोडा वेळ रेंगाळतात, तिथे थर जास्त बसतो.

पुन्हा कराल तेव्हा सकाळी सहाला करा. त्याच कंपनीचा स्लो हार्डनर आणि स्लो थिनर मागा, प्रमाण डब्यावर छापलंय तेवढंच. बी-४ कपात (तळाला भोक असलेला, पातळपणा मोजायचा कप) १६ ते १८ सेकंद आलं की मी थांबतो, पण तुमच्या डब्याच्या कागदावर वेगळं असेल तर तेच खरं. नोझल १.३. गन पत्र्यापासून एक वीत, त्याहून जराही लांब नाही. पट्टा अर्ध्याहून जास्त आधीच्या पट्ट्यावर चढला पाहिजे. पहिला हात हलका, मग सात-आठ मिनिटं थांबा. शेजारच्या मास्किंग टेपवर बोट टेकवायचं. तार सुटली तर थांबायचं, नुसता ठसा उमटला तर दुसरा हात पूर्ण ओला द्यायचा. आणि तिथेच गन ठेवून द्यायची. हाय सॉलिडला तिसरा हात नसतो, दोन हातांत पुरेसा थर बसतो. आम्हाला जुन्या मालाची सवय, हात शिवशिवतो, मलाही शिवशिवायचा.

कॉम्प्रेसरसाठी तीन एचपीचा भाड्याने घ्या, नाहीतर कमी हवेवर चालणारी एलव्हीएलपी गन घ्या. पाणी काढायचा ट्रॅप आहे ना मध्ये? आता पाऊस येईल, टाकीत पाणी जमेल.

नंदेसरी_लॅब:

मी रेझिनच्या, म्हणजे रंगातल्या राळेच्या, प्रयोगशाळेत काम करते. मकरपुरा दादांनी गनची बाजू पूर्ण सांगितली आहे, मी डब्याच्या आतलं सांगते, कारण मूळ प्रश्नात मला एक गोष्ट खटकली.

आधी एनसी थिनर. त्यात बहुतेक वेळा अल्कोहोल असतं. हार्डनरमधलं आयसोसायनेट रंगातल्या राळेशी जुळायचं सोडून त्या अल्कोहोलशीच जुळतं. मग क्लिअर आठवडाभर चिकट राहतं, नखाने ओरखडा निघतो. पाण्याचंही तसंच. आयसोसायनेट आणि पाणी भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे बुडबुडे. ट्रॅपचा आग्रह त्यासाठी.

आता 'लो-व्हीओसी'. द्रावकांची वाफ उन्हात नायट्रोजन ऑक्साइडबरोबर मिळून जमिनीलगत ओझोन तयार करते, हे नियम त्यासाठी आले. युरोपात २००७ पासून गाड्यांच्या दुरुस्तीच्या टॉपकोटला, वापरायला तयार अवस्थेत, लिटरला ४२० ग्रॅमची मर्यादा आहे. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात क्लिअरला बरीच वर्षं याहून कडक, २५० ग्रॅमची होती. अशी मर्यादा गाठायला एक तर पाणी वापरा, नाहीतर राळेचं प्रमाण वाढवा, नाहीतर व्हीओसीत मोजलंच जात नाही असं द्रावक घाला. ॲसिटोनला अमेरिकेने १९९५ मध्ये यादीतून वगळलं, कारण ते ओझोन फार हळू बनवतं. पीसीबीटीएफ नावाचं दुसरं एक द्रावक त्याच्या आधीच्या वर्षी वगळलं. ते १३९ अंशाला उकळतं, म्हणून फिनिश छान देतं. पण २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने तेच कर्करोग होऊ शकणाऱ्या रसायनांच्या यादीत घातलं.

म्हणजे डब्यावरचा हा शब्द शहराच्या हवेसाठी आहे, तुमच्या आईच्या छातीसाठी नाही. दम्याच्या माणसाला खरा धोका हार्डनरमधल्या आयसोसायनेटचा, आणि ते लो-व्हीओसी टू-केमध्येही तेवढंच असतं. हवेत घातक इतकं झालं तरी नाकाला कळत नाही. तुम्ही वास कमी म्हणून निश्चिंत होऊन वरच्या खिडक्या उघड्या ठेवल्या असाल, ही मला भीती आहे. तुमच्या स्वतःच्या तोंडावर काय होतं? कापडी मास्क असेल तर तो फक्त धूळ अडवतो. बूथमध्ये बाहेरून हवा येणारा मास्क लावतात, तो त्यासाठीच. कृपा करून हे पार्किंगमध्ये पुन्हा करू नका.

दांडियाबाजारची_पद्मिनी:

ताई, खिडक्या उघड्याच होत्या. तोंडावर कोविडच्या वेळचा मास्क. वाचून घाम फुटला. आई त्या दिवशी नीट होती, पण ते नशीब म्हणायचं.

दादा, सुरुवात ड्रायव्हरच्या बाजूनेच केली होती! आता आहे ते बॉनेट घासून वाचेल का?

मकरपुरा_बूथ:

साल वाचेल, भोकं नाही. नुसती साल असती तर चार दिवस कडक होऊ देऊन १५०० च्या वॉटर पेपरने, मग २०००, ३००० आणि रबिंग कंपाउंड, इतक्यात आरसा झाला असता. पण भोकांवर कंपाउंड मारलंत की पांढरी पेस्ट आत बसते, निळ्या बॉनेटवर रांगोळीचे ठिपके काढल्यासारखी दिसते, आणि धुऊन निघत नाही. ८०० ने भोकं जाईपर्यंत सपाट करा. निळा बेस (क्लिअरखालचा रंग) उघडा पडला तर तिथे बेसही द्यावा लागेल. मग नवीन क्लिअर. आणि ताई म्हणतात ते ऐका. मी तरुणपणी तोंडाला रुमाल बांधून कामं केली, आज दोन जिने चढलो की थांबतो.

दांडियाबाजारची_पद्मिनी:

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफी.

आईला मावशीकडे दोन दिवस ठेवलं. बॉनेट रिक्षा-टेम्पोत टाकून पादरा गावाकडे मित्राच्या शेडमध्ये नेलं. तिथे त्याचा तीन एचपीचा कॉम्प्रेसर आहे. बाहेरून हवा घेणारा मास्क भाड्याने मिळाला, त्याची नळी पायात येते हे कोणी सांगितलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी जमिनीवर पाणी मारलं, धूळ बसावी म्हणून. पहाटे पावणेसहाला सुरुवात. स्लो हार्डनर, १.३, एक वीत. टेपवर बोट टेकवून बघायची युक्ती सोन्यासारखी. आठव्या मिनिटाला तार सुटली, अकराव्याला नाही. दुसऱ्या हाताला क्लिअर अक्षरशः डोळ्यांसमोर पसरत गेलं, आधी खडबड दिसली आणि मग मिनिटाभरात पाणी स्थिरावावं तशी विरली. हात शिवशिवला. गन खुंटीला टांगली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

ट्यूबलाइट आता सरळ दिसते. उजव्या कोपऱ्यात एक ओघळ आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. आणि बरोबर मध्यभागी एक चिलट, पंखांसकट. ते चिलट आत्ताच उपटू का?

मकरपुरा_बूथ:

आत्ता हात लावू नका, पंख तुटून पाय आत राहतील. चार दिवसांनी ओघळावर ब्लेड आडवं धरून खरवडा, मग लाकडाच्या छोट्या ठोकळ्यावर २००० गुंडाळून दोन्ही जागा घासा. नुसत्या बोटाने घासलंत तर खड्डा पडेल. फोटो उन्हातला टाका, ट्यूबलाइटचा नको.