मूस, कल्हई आणि वितळलेलं युरेनियम

भट्टीवाला: परवा इथे कुणीतरी लिहिलं, 'वापरलेलं अणुइंधन वितळवून परत घ्यायचं तर भांड्याचा एवढा बाऊ कशाला? सोनाराची ग्रॅफाइटची मूस मोठी करा.' दोन दिवस गप्प बसलो, पण राहवेना. युरेनियम १,१३२ अंशांना वितळतं आणि ग्रॅफाइटमधल्या कार्बनशी लगेच सोयरीक करतं. सोनं असली थेरं करत नाही. म्हणून अमेरिकेत आयडाहोच्या अणुप्रयोगशाळेत ग्रॅफाइटला झिर्कोनिया या उष्णता सोसणाऱ्या ऑक्साइडचा लेप लागला, तरी मळी राहतेच. तमिळनाडूत कल्पाक्कमच्या अणुकेंद्रातही असले लेप प्लाझ्माने फवारून पाहिलेत. अडचण लेपाची आहे. तापल्यावर ग्रॅफाइट वेगळं फुगतं, लेप वेगळा. मग पोपडे.

सोनारगल्ली: तो 'कुणीतरी' मीच. पोपडे आले की मूस बदला! वडील तेच करत. टिकाऊपणाचा हट्ट कशाला?

भट्टीवाला: जुनी टाकणार कुठे, उकिरड्यावर? ती स्वतःच किरणोत्सारी कचरा होते, साहेब.

कोकणकडा: लेपावरून आठवलं, कल्हईवाला मिळतो का हल्ली? आजीच्या पितळी पातेल्यात कढी कळकली.

सुगरण७२: पितळेत आंबट घातलंतच कसं?

कोकणकडा: कल्हई होती! महिन्यात उडाली. सातशे रुपये घेतले मेल्याने.

सुगरण७२: तारेच्या घासणीने घासलं असणार. दोष कल्हईवाल्याला.

कोकणकडा: तुम्ही आला होतात बघायला?

भट्टीवाला: अहो, अणुइंधन!

क्षारपाणी: कल्हई विषयाला धरूनच आहे. नवसागर कशाला टाकतात? भांड्यावरचा ऑक्साइड खायला. नवसागर म्हणजे क्लोराइड. इथे तर वितळवण्याआधी इंधनातलं युरेनियम विजेने वेगळं करतात तेच क्लोराइडात: लिथियम-पोटॅशियम क्लोराइड या मिठाचा रस, ५०० अंशांना. त्यात ओल शिरली की स्टेनलेसमधलं क्रोमियम आधी जातं. ज्या पापुद्र्याच्या जिवावर स्टेनलेस मिरवतं, तो तिथे कामाचा नाही.

सोनारगल्ली: मग आयडाहोत १९९६ पासून त्याच मिठाला पोलादी भांडं कसं चाललं?

भट्टीवाला: आर्गॉन या निष्क्रिय वायूमध्ये, मीठ खडखडीत कोरडं ठेवून. बरं, मिठाला पोलाद चालतं, घ्या. वितळलेल्या युरेनियमला नाही. आणि मूस बदलायची ती जाड काचेपलीकडून, यांत्रिक हातांनी. तुमच्या वडिलांनी दिवसाला किती बदलल्या असत्या?

सोनारगल्ली: वडिलांना मध्ये आणू नका. टिचकी मारून आवाज ऐकल्याशिवाय त्यांनी एकही मूस भट्टीत चढवली नाही. बद्द वाजली की बाजूला.

भट्टीवाला: ही टिचकी मात्र मान्य. लेप आतून सुटलाय हे काचेबाहेरून ओळखायचं कसं, तेवढं सांगा.

कोकणकडा: कल्हईवाल्याचं कुणीच सांगितलं नाही.