मदत हवी आहे: फायनल बिल अडलंय, नोटिशीचा मसुदा कुणाकडे आहे का?

गिलावावाला: काम होऊन बरेच दिवस झाले. फायनल बिल आणि रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेली रक्कम) धरून साडेअकरा लाख अडकलेत. ऑफिसात जावं तर शेठ साईटवर, साईटवर जावं तर शेठ ऑफिसात. फ्लॅटमध्ये लोक राहायलाही आले. नोटीस काढायचीय. मसुदा असेल तर टाका, मजूर दारात बसलेत.

कोर्टकाका: बरेच दिवस म्हणजे किती? वर्क ऑर्डर आहे का? माल तुमचा की नुसती मजुरी?

गिलावावाला: मसुदा मागितलाय, उलटतपासणी नाही. मालासकट काम. सगळं तोंडी, दर व्हॉट्सॲपवर.

टाइल्सवाले: नोटीस सोडा. उद्यम नोंदणी असेल तर सूक्ष्म-लघु उद्योगांच्या परिषदेकडे जा. 45 दिवसांवर पैसे थकले की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. माझे आले.

कोर्टकाका: तुम्ही माल विकला होता. यांचं वर्क्स काँट्रॅक्ट, म्हणजे माल आणि मजुरी मिळून एकच काम, आणि त्याला तो कायदा लागत नाही असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत.

टाइल्सवाले: माझे आले, एवढंच मला कळतं.

फ्रीमाँटकर: आमच्या कॅलिफोर्नियात पोटठेकेदार काम सुरू केल्यापासून 20 दिवसांत प्राथमिक नोटीस देतो आणि पैसे थकले तर थेट जागेवर लीन, म्हणजे बोजा, नोंदवतो. मालकाने काम पूर्ण झाल्याची नोटीस नोंदवली की मात्र लीन नोंदवायला पोटठेकेदाराच्या हातात 30च दिवस. तुम्हीही बोजा चढवून टाका की!

कोर्टकाका: इथे नुसत्या नोटिशीवर बोजा चढत नाही हो. गिलावावाले, खाजगी कामाच्या पैशांचा दावा काम झाल्यापासून 3 वर्षांत लावावा लागतो. नोटीस पाठवून ती मुदत वाढत नाही. मुदतीच्या आत शेठने सहीनिशी थकबाकी कबूल केली तर नव्याने मोजायची. कामाच्या मोजणीच्या शीटवर सही कुणाची आहे?

चौथा_मजला: आमच्या बिल्डरने भोगवटा प्रमाणपत्रच घेतलेलं नाही, नोटीस मीही काढू का?

कोर्टकाका: तुमचं महारेराचं, म्हणजे बिल्डरांवरच्या नियामकाकडचं, वेगळा धागा काढा.

गिलावावाला: साईट इंजिनिअरची. फक्त डक्टच्या आतल्या गिलाव्याची शीट कोरी आहे, 'ते नंतर बघू' म्हणाला आणि नोकरी सोडून गेला. काम गेल्या वर्षी संपलं. शेठने मध्ये चार लाखांचा चेक दिलेला, तो परत आला.

कोर्टकाका: अहो, हे आधी सांगायचं! बँकेचा मेमो केव्हा मिळाला?

गिलावावाला: दीडेक महिना झाला. 'परत भरू नको, रोख देतो' म्हणाला.

कोर्टकाका: मेमो कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस जायला हवी होती, ती मुदत हुकली. पण चेकवरच्या तारखेपासून 3 महिने झाले नसतील तर पुन्हा भरा. परत आला की नवा मेमो, नवे 30 दिवस. नोटीस मिळाल्यावर 15 दिवसांत पैसे दिले नाहीत तर पुढच्या महिनाभरात कोर्टात चेक न वटल्याची, कलम 138ची तक्रार. उरलेल्या साडेसातची नोटीस वेगळी, बिलं आणि सहीच्या शीट जोडून. डक्टची रक्कम वेगळी दाखवा, नाहीतर तेवढ्यावरून सगळं बिल वादात ओढतील.

टाइल्सवाले: चेक भरलात की तो रोख द्यायचाही थांबेल, बघा.

गिलावावाला: रोख कुठे दिलेत अजून? चेकवरची तारीख बघितली, आठवडा शिल्लक आहे. बँकेत निघालो.

चौथा_मजला: बाहेरचं प्लास्टर गळत असेल तर तुमचा दर काय?