अनुभव धागा : सामान्य ज्ञान आणि गणित म्हणजेच बुद्धी का?

घरी पाहुणे आले की लहान मुलाला दोनच गोष्टी विचारल्या जातात : एकोणिसाचा पाढा आणि कुठल्यातरी राज्याची राजधानी. उत्तर आलं तर "हुशार आहे हो पोरगं". नाही आलं तर पाहुणा काही बोलत नाही, पण आई-बापाचं तोंड उतरतं. पुढे शिष्यवृत्ती, नवोदय, पोलीस भरती, तलाठी भरती, जिथे जाल तिथे चाळणी बरीचशी याच धर्तीची. त्यातून माणूस स्वतःबद्दल एक मत करून बसतो आणि ते आयुष्यभर वागवतो. हे मत माझ्यासमोर रोज येतं, कारण मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घेणं हेच माझं काम आहे.

ही मोजमापं सुरू कशी झाली तेवढं थोडक्यात सांगते. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसला पहिली चाचणी तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या कुठल्या मुलांना जास्तीची मदत लागेल, एवढंच त्यातून शोधायचं होतं. बुद्धी जन्मतः ठरते आणि वाढत नाही, असं म्हणणाऱ्यांविरुद्ध खुद्द बिने यांनीच लिहून ठेवलंय. आपल्याकडे कामतांनी धारवाडला तीच चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. नंतर नागपूरच्या मालिन यांनी वेक्सलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची चाचणी भारतीय मुलांसाठी आणली. तिच्यात अकरा उपचाचण्या आहेत, तोंडी सहा आणि हातांनी करायच्या पाच. सामान्य माहिती आणि अंकगणित या त्या अकरातल्या फक्त दोन. बाकी नऊंमध्ये ठोकळ्यांची रचना आहे, दोन गोष्टींतलं साम्य सांगणं आहे, चित्रात काय राहिलंय ते ओळखणं आहे, "असं झालं तर तू काय करशील" आहे.

माझं मत लपवत नाही. या दोन विषयांतून काहीच कळत नाही असं मी म्हणणार नाही. स्मरणशक्ती कळते, लक्ष किती टिकतं ते कळतं, शाळा कशी मिळाली आणि घरात वर्तमानपत्र येतं का, हेसुद्धा कळतं. पण हे सगळं एकात एक मिसळलेलं असतं, आणि त्या मिश्रणालाच बुद्धी म्हटलं की एखाद्या मुलावर शिक्का बसतो.

तुमच्या बाबतीत किंवा तुमच्या डोळ्यांदेखत घडलेलं लिहा. नुसती मतं नकोत. या परीक्षांनी ज्यांना हात दिला त्यांनीही जरूर लिहा. शाळांची, माणसांची नावं टाळा.

* * *

शेतकऱ्याची मुलगी, जुन्नर तालुका

आमचे आण्णा तिसरीपर्यंत शिकले. टोमॅटोच्या हंगामात माल नारायणगावला जातो. लिलाव झाला की समोरचा कॅल्क्युलेटर काढेपर्यंत आण्णांचा आकडा तयार असतो. हे करता कसं, म्हणून मी एकदा त्यांना मोठ्याने बोलायला लावलं. माल २७ क्रेट, भाव ४१५. आण्णा म्हणाले, "चारशेनं धर, दहा हजार आठशे. वरचे पंधरा राहिले, त्याचे चारशे पाच. अकरा हजार दोनशे पाच झाले. गाडीभाडं क्रेटमागं बावीस. विसानं पाचशे चाळीस, दोनानं चोपन्न, पाचशे चौऱ्याण्णव गेले. राहिले दहा हजार सहाशे अकरा." एवढं बोलेपर्यंत त्यांनी दोन क्रेट उचलून बाजूला ठेवले होते. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी (पाव, अर्ध्या, दीड, अडीच पटीचे जुने पाढे) अजून तोंडपाठ आहे त्यांना.

भाव कितीच्या खाली गेला की तोडणीची मजुरीसुद्धा निघत नाही, हा आकडा रोज बदलतो आणि तोही त्यांच्या डोक्यात असतो. मी बी.कॉम. आहे, मला तो वहीशिवाय काढता येत नाही. पण बँकेत फॉर्म भरायचा असला की आण्णा मला पुढे करतात. "आपल्याला काय कळतंय त्यातलं, मी अडाणी." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि प्रत्येक वेळी मला त्याचा राग येतो.

* * *

धागा सुरू करणारी

ताई, तुमच्या आण्णांसारख्यांचा अभ्यास झालेला आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या मुलांचं गणित संशोधकांनी गिऱ्हाईक बनून तपासलं आणि ते १९८५ मध्ये प्रसिद्ध झालं. विक्री करताना मुलांची साधारण ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत दिले तेव्हा ३७ टक्के. त्यात मुलं पाचच होती, पण २०२५ मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांचा मोठा अभ्यास आला, ज्यात नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. त्यातही बाजारात काम करणारी मुलं पुस्तकी गणितात अडखळली. आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं : पुस्तकी गणित चांगलं येणारी शाळेतली मुलं बाजारातल्या हिशेबात अडखळली. मग यातल्या कुठल्या मुलाला गणित येतं म्हणायचं?

* * *

तलाठी, मराठवाडा

(आता आम्हाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.) दुसरी बाजू मी लिहितो. माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे. ओळख नव्हती, पैसा नव्हता. शंभर प्रश्न, दोनशे गुण. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बौद्धिक चाचणी, प्रत्येकी पंचवीस प्रश्न. मुलाखत नाही. माझं आडनाव काय, बाप काय करतो, हे त्या प्रश्नांना माहीत नव्हतं. काळ-काम-वेग आणि नद्यांच्या उपनद्या पाठ करून जर पोरगं कोयत्यातून सुटत असेल, तर त्या परीक्षेला नावं ठेवताना जरा थांबा, एवढी विनंती आहे. तिच्या जागी "व्यक्तिमत्त्व बघून" निवड आली तर आमच्यासारखे दारातच अडतील.

पण तिने माझी बुद्धी मोजली असं मीसुद्धा म्हणत नाही. चिकाटी मोजली. नोकरीच्या पहिल्या वर्षी दोन चुलतभावांचा बांधाचा वाद आला. मी गाव नकाशा घेऊन बसलो, सातबारा काढला, गटाचं क्षेत्र जुळवलं. दोघं ऐकेनात. आमच्या सज्जातले कोतवाल, वय पन्नाशीच्या पुढं, शिक्षण जेमतेम, ते नुसते बघत होते. त्यांनी धाकट्याला एवढंच विचारलं, "यंदा विहिरीवर तुझी पाळी कधी लागली होती?" आणि तो माणूस भडाभडा बोलायला लागला. भांडण बांधाचं नव्हतंच, पाण्याच्या पाळीचं होतं. बांध दोन वर्षांपूर्वी सरकला होता, तेव्हा कुणी ब्र काढला नव्हता. पाळीचे वार तिथल्या तिथे ठरले आणि बांधाची रीतसर मोजणी मागून झाली.

कोणता प्रश्न कुणाला विचारायचा, हे कोतवालांना नेमकं कळलं. त्याला भरतीत एकही गुण नाही.

* * *

आई, ठाणे

माझ्या मुलाला डिस्कॅल्क्युलिया आहे, म्हणजे आकडे आणि हिशेब समजण्यातली अध्ययन अक्षमता. आठवीत आहे. घड्याळ वाचताना चुकतो, सुटे पैसे घेताना गोंधळतो. सात आठे किती विचारलं तर त्याचा चेहरा असा होतो की मला पुढचा प्रश्न विचारवत नाही. वाचन उत्तम, गोष्टी सांगतो, प्रश्न विचारून भंडावतो. तरी नातेवाइकांत "अभ्यासात जरा कमी आहे" असंच त्याच्याबद्दल बोललं जातं.

तो सहा वर्षांचा असल्यापासून तबला शिकतोय. मध्यंतरी झपतालात एक तिहाई वाजवत होता. गुरुजींनी मला बाजूला बसवून समजावलं : तुकडा सात मात्रांचा, तो तीनदा, म्हणजे एकवीस. झपताल दहा मात्रांचा, दोन आवर्तनं वीस, म्हणून समेवरून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरून, उचललेली तिहाई एकविसाव्या मात्रेला बरोबर समेवर येऊन पडते. माझा मुलगा ती दर वेळी समेवर आणत होता. लय वाढवली तरी आणत होता. नंतर गुरुजींनी मुद्दाम आठ मात्रांचा तुकडा दिला. तो थोडा वेळ मांडीवर टाळी धरून बसला आणि कुठून उचलायचा ते त्याने स्वतः शोधलं. सात त्रिक किती हे त्याला आजही बोटांवर मोजावं लागतं.

हे काय आहे मला माहीत नाही. पण त्याला "बुद्धी कमी" म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच्यासमोर टाळी धरून बसावं असं फार वाटतं. दहावीच्या गणिताचं काय करायचं ही मात्र खरी चिंता आहे. यातून गेलेलं कुणी असेल तर सांगा.

* * *

प्राथमिक शिक्षक, वाशीम जिल्हा

सराव परीक्षेत प्रश्न होता : लोणार सरोवर कोणत्या जिल्ह्यात आहे? आमच्या पाचवीतल्या एकाने वाशीम लिहिलं. उत्तर बुलढाणा. शून्य गुण, आणि तपासणीच्या दृष्टीने ते योग्यच.

दुसऱ्या दिवशी त्यानेच विचारलं, "सर, त्या तळ्यात पाणी येतं पण बाहेर जात नाही, मग ते खारट कशामुळं झालं? आमच्या रानात खड्ड्यातलं पाणी आटलं की कडेला पांढरं धरतं, तसंच का?" हा मुलगा शाळा सुटल्यावर शेळ्या राखतो. ते पांढरं त्याने कधीतरी बघितलं होतं, मनात ठेवलं होतं आणि न बघितलेल्या तळ्याला लावून पाहिलं. लोणारचं पाणी खारट होण्यामागे मोठं कारण तेच आहे : पाण्याला बाहेर जायला वाट नाही, वाफ होते आणि क्षार मागे राहतात. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं. तेव्हा पाऊस कमी, पातळी खाली, क्षार वाढलेले, आणि पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या शास्त्रज्ञांना त्यात खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले. हे सांगितलं तेव्हा त्याचा पुढचा प्रश्न तयार होता : "मग पावसाळ्यात रंग गेला असंल ना?" गेला होता.

सामान्य ज्ञान मी आवडीने शिकवतो. लोणारचं नावच ऐकलं नसतं तर त्याला हा प्रश्न पडलाही नसता, हेही तितकंच खरं. पण गुण फक्त नावाला मिळतात. असे प्रश्न मी आता वेगळ्या वहीत मुलाच्या नावासकट लिहून ठेवतो आणि पालकसभेत वाचून दाखवतो. गुणपत्रिकेपेक्षा त्या वहीला पालक जास्त वेळ देतात, हा अनुभव आहे.

* * *

शिक्षिका, धडगाव परिसर

सर, तुमच्यावरून आठवलं. "वेगळा घटक ओळखा : बटाटा, गाजर, मुळा, वांगे." उत्तर वांगे, कारण बाकीचे जमिनीखाली येतात. एका मुलीने मुळा लिहिलं. कारण विचारलं तर म्हणाली, "मुळ्याचा पाला पण खातो, बाकीच्यांचा कुठं खातो?" उत्तरपत्रिकेत कारण लिहायला जागाच नसते.

* * *

धागा सुरू करणारी

ताई, रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला उझबेकिस्तानात गेले होते. हातोडा, करवत, लाकडाचा ओंडका, कुऱ्हाड यातलं वेगळं कोणतं, असं त्यांनी शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, वेगळं काहीच नाही, ओंडका नसेल तर बाकीच्या तिन्हींचा उपयोग काय? "अवजारं" असा गट करणं ही शाळेत लागणारी सवय आहे. ती उपयोगाची आहेच, पण ती नाही म्हणजे विचार नाही, असं होत नाही.

* * *

सूनबाई, रत्नागिरी

सासूबाई विसरायला लागल्या म्हणून तपासणीला नेलं होतं. वय ऐंशीच्या पुढे, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. तिथल्या मुलाने कागद पुढे ठेवून विचारलं, आज तारीख काय? त्या म्हणाल्या, "वद्य षष्ठी." त्याने खूण केली, चूक. शंभरातून सात वजा करत चला. त्या गप्प. देशाचा पंतप्रधान कोण? गप्प. घरी येताना रिक्षात म्हणाल्या, "माझं डोकं गेलं असं सांगितलं का गो त्यानं?" मी मोबाइलमध्ये पंचांग काढलं. वद्य षष्ठीच होती.

पुढच्या वेळी मोठ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी वीस नारळ समजा म्हणाल्या, तीन-तीन काढत जा. सासूबाईंनी अकरापर्यंत सरळ केलं, मग अडखळल्या. सकाळी काय जेवलात विचारलं, ते आठवेना. नातवंडांची नावं सांगताना दोघांची अदलाबदल झाली. म्हणजे विसरणं खरंच होतं, आणि ते वेळेत कळलं म्हणून औषध सुरू झालं. पण ते कळलं जेवणावरून आणि नातवंडांवरून. पहिल्या कागदावर तर त्या तरुणपणीसुद्धा नापास झाल्या असत्या. घरात कुणाला अशा तपासणीला नेणार असाल तर माणूस किती शिकलाय, दिवस कसे मोजतो, हे आधीच सांगा.

* * *

ग्राफिक डिझायनर, डोंबिवली

ठाण्याच्या ताई, मी यातून गेलोय. राज्य मंडळाने अध्ययन अक्षमतेच्या मुलांना १९९६ पासून सवलती दिल्या. माझ्या वेळी, २००९ ला, दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित आणि जोडीला कार्यानुभवाचा विषय घेता आला. जादा वेळही मिळाला. आता नियमांत काय बदललंय ते शाळेत विचारून घ्या. प्रमाणपत्र मान्यताप्राप्त सरकारी रुग्णालयाचंच लागतं, खासगी अहवाल आमच्या वेळी चालला नव्हता, आणि तपासणीची तारीख मिळायला महिने जातात. म्हणून नववीची वाट बघू नका, याच वर्षी शाळेकडून पत्र घ्या. आणि तबल्याचा क्लास अभ्यासासाठी बंद करू नका, माझी चित्रकला तशी दोन वर्षं बंद झाली होती.