आंब्याची फांदी पत्र्यावर आलीय आणि बाबा स्वतः शिडीवर चढायचं म्हणतायत, काय करावं?

अंगण_सातारा
नमस्कार मंडळी, घरामागे आंबा आहे, बाबांनीच लावलेला. त्याची एक मांडीएवढी जाड फांदी शेजारच्यांच्या पत्र्यावर गेलीय आणि तिचा शेंडा घरात येणाऱ्या वायरच्या अगदी जवळ आलाय. पाऊस सुरू व्हायच्या आत छाटायलाच हवी. बाबा ६८ वर्षांचे आहेत, गडी बोलवायला तयार नाहीत, कोयता घेऊन अॅल्युमिनियमच्या शिडीवरून मीच करतो म्हणतात. मला खरंच भीती वाटते. पुढच्या बाजूला कोयनेलचं कुंपण आहे, तेही डोक्याच्या वर गेलंय आणि खालून नुसत्या काड्या दिसतात. नीट आणि सेफली कसं करायचं ते सांगा प्लीज.

हापूसवाला_देवगड
ताई, आधी एक सांगतो, मांडीएवढी फांदी शिडीवरून तोडायची नसतेच. आमच्याकडे बागेत सवयीचे गडी असतात, ते झाडावर चढून कमरेला दोर बांधून काम करतात, शिडी फक्त वर पोचायला. लोक काय करतात, शिडी त्याच फांदीला टेकवतात आणि पुढचा भाग कापतात. पुढचं वजन गेलं की राहिलेली फांदी झटक्यात वर उसळते, शिडीचा टेका सुटतो आणि माणूस शिडीसकट खाली. हे कितीही सांगितलं तरी लोकांना पटत नाही, कारण कापायच्या आधी ती फांदी एकदम भक्कम वाटते.

कोयता नको, करवत घ्या. कोयत्याने चिंधड्या होतात, साल खोडापर्यंत सोलत जाते आणि त्या जखमेत पावसाचं पाणी जाऊन कूज धरते. पहिला काप खालच्या बाजूने, खोडापासून फूटभर लांब, साधारण एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा वरून, त्याच्या थोडा बाहेर. फांदी आपल्या वजनाने तुटून पडते आणि साल फाटत नाही. मग राहिलेला खुंट काढायचा, पण खोडाला घासून नाही, फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळी असते ती तशीच ठेवायची, झाड जखम तिथूनच भरून काढतं. पत्र्यावर पडणारी फांदी आधी वरच्या फांदीवरून दोर घेऊन बांधा आणि तुकड्या तुकड्याने उतरवा. नंतर कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी धरू नये म्हणून लावायचा लेप, लावा, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी हे प्रमाण, घरी एका झाडाला १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि एक लिटरमध्ये भागतं. मोरचूद लोखंडी बादलीत भिजवू नका, प्लॅस्टिकची घ्या.

आंबे उतरवून झाल्यावरच हात लावा. चीक डोळ्यात गेला तर फार वाईट, चष्मा आणि फुल बाह्यांचा शर्ट पाहिजेच. आणि चढायच्या आधी ओंबील, म्हणजे झाडावरच्या चावऱ्या लाल मुंग्या, आहेत का बघा. त्या अंगावर आल्या की माणूस दोन्ही हात सोडतो.

खांबावरचा_माणूस
मी लाईनचं काम करतो म्हणून वायरबद्दलच लिहितो. अॅल्युमिनियमची शिडी वायरच्या आसपास उभीच करायची नाही, विषय संपला. बांबूची चालेल असं कोणी म्हणेल, पण ओला बांबू आणि ओली हिरवी फांदी दोन्हीतून करंट येतो. सर्व्हिस वायरला वरून कव्हर दिसतं, पण उन्हापावसात ते कुठे तडकलंय हे खालून कळत नाही. मेन स्विच बंद करून काही उपयोग नाही, खांबापासून मीटरपर्यंतची वायर चालूच राहते. महावितरणच्या १९१२ नंबरला फोन करा नाहीतर त्यांच्या जवळच्या सेक्शन ऑफिसला लेखी द्या, खांबावरून सप्लाय बंद करून घ्या आणि वायरमन समोर असतानाच शेंडा काढा. पावसाळ्याआधी महावितरणची लाईनजवळच्या फांद्या छाटायची कामं चालूच असतात, म्हणून आत्ताच सांगा, जूनमध्ये सगळेच फोन करतात.

कुंपण_कात्री
ताई, तुम्ही नगरपालिका हद्दीत असाल तर झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, एवढी मोठी फांदी तोडायच्या आधी वृक्ष अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. फोटो काढून जोडा, वायर आणि पत्रा दोन्ही दिसू देत.

कोयनेलचं सोपं आहे. खालून काड्या दिसतात कारण वरचा भाग रुंद झालाय आणि खाली ऊन पोचत नाही. छाटताना बुडाला रुंद आणि वर निमुळतं ठेवा. एकदम अर्धं न कापता आधी एक बाजू आणि शेंडा घ्या, तिकडे फुटवा आला की दुसरी बाजू. उंची कायमची छातीपर्यंत आणा म्हणजे पुढे जमिनीवर उभं राहूनच कात्री चालवता येईल, शिडी काढायची वेळच येणार नाही. आत हात घालून आधी घरटं बघा, या दिवसांत बुलबुलाची पिल्लं असतात, असली तर ती उडेपर्यंत थांबा.

आणि कधी शिडी लावलीच तर १२ फुटांवर टेकवताना पाया भिंतीपासून ३ फूट लांब, खाली घट्ट जमीन, वरचं टोक दोरीने बांधलेलं. सगळ्यात वरच्या तीन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. हात पुरत नसेल तर वाकू नका, खाली उतरून शिडी सरकवा. दुर्दैवाने कोणी पडलंच तर उचलून बसवू नका, पाणी पाजू नका, आहे तसं राहू द्या आणि १०८ ला फोन करा. मणक्याला लागलं असेल तर उचलण्यातच जास्त नुकसान होतं.

अंगण_सातारा
सगळ्यांचे मनापासून आभार. उद्याच अर्ज देते आणि सेक्शन ऑफिसलाही जाऊन येते. पण बाबांना गडी बोलवायचं कसं पटवू? त्यांना वाटतं परका माणूस झाडाची वाट लावेल.

हापूसवाला_देवगड
त्यांचं चुकत नाही हो ताई, बरेच गडी सरसकट बोडकं करून जातात. म्हणून बाबांनाच पुढे करा. कुठली फांदी जाणार, कुठली राहणार, काप कुठे घ्यायचा हे त्यांनी आदल्या दिवशी खालून बघून ठरवायचं आणि बांबूच्या टोकाला चुना लावून फांदीवर खुणा करायच्या. गड्याला सांगा, काका बोलतील तेवढंच कापायचं. फक्त काम चालू असताना त्यांना फांदीच्या खाली उभं राहू देऊ नका, खुर्ची लांब ओट्यावर टाका. बोर्डो पेस्ट त्यांनाच बनवायला द्या, गडी ती लावतच नाहीत.