मुद्दे काढताना मुलं उताऱ्यातलं वाक्यच उचलतात, काय करावं?

ऐरोली, आठवी मराठी:
निबंधाचा विषय ‘खाडीकिनारी बांधकामाला परवानगी द्यावी का?’ सोबत ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यावर उतारा दिलाय. ‘स्वतःच्या शब्दांत’ म्हटलं की असं होतं:
उतारा: ‘भरती-ओहोटीचे पाणी अडल्यास गाळातील शेवाळ कमी होते व रोहित पक्ष्यांना पुरेसे अन्न मिळत नाही.’
वही: ‘भरती-ओहोटीचे पाणी थांबल्यास चिखलातील शेवाळ घटते व फ्लेमिंगोंना पुरेसे खाद्य मिळत नाही.’
समानार्थी शब्दांचा आणखी सराव द्यावा का?

कळवा, नववी-दहावी:
नको ताई, दुखणं त्यानेच वाढतं. शब्द बदलले, सांगाडा तोच. डोळे उताऱ्यावर असेपर्यंत दुसरं काही सुचतच नाही. दोनदा वाचून उतारा पालथा घालायला लावा. मग शेजारच्याला तोंडी सांगायचं: ‘अरे, पाणी खेळतं राहिलं नाही तर पक्ष्यांना खायलाच उरत नाही.’ हे लगेच टिपायचं, पण पूर्ण वाक्यात नाही. पाच-सहा शब्द नि बाण: पाणी अडलं → शेवाळ कमी → पक्ष्यांचे हाल. निबंधात वाक्य बाणांवरून नव्याने बांधावं लागतं, उचलायला काही हाताशीच नसतं. शेवटी उतारा उघडून ताडून बघायचं. तास संपत आला की नेमकं हेच राहतं.

नेरुळ:
ताडून बघताना दोन गोष्टी हमखास सापडतात. ‘अडल्यास’मधली अट गळते आणि वहीत ‘पक्षी उपाशी मरत आहेत’ येतं. नाहीतर मत मध्येच घुसतं: ‘लोभी बिल्डरांमुळे शेवाळ कमी होते.’ उताऱ्यात बिल्डर कुठेच नाही! पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे उतारा काय सांगतो, उजवीकडे ‘म्हणून माझं म्हणणं’. बिल्डर उजवीकडे.
नावं, आकडे, संज्ञा मात्र बदलायला लावू नका. अभयारण्य २०१५ साली घोषित झालं, २०२२ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलं, हे तसंच राहू दे. नाहीतर ‘रामसर स्थळा’चं ‘रामाचं सरोवर’ व्हायला वेळ लागत नाही.

ऐरोली, आठवी मराठी:
आणि उजवीकडे काहीच सुचलं नाही तर?

कळवा, नववी-दहावी:
तर तो पुरावा त्या मताच्या कामाचा नाही, खोडायचा. एका मुद्द्याला दोन नेमके पुरावे पुरे. आणि शब्द स्वतःचे असले तरी माहिती उताऱ्याचीच, तेव्हा ‘उताऱ्यानुसार’ लिहायचंच.