स्तोत्र १३६ मंडळीकडून प्रतिसादाने गाऊन घ्यायचे आहे: हल्लेलची रीत कशी असते?

गायकवृंद_नगर
सलाम. उपकारस्तुतीच्या उपासनेत बायबलमधले स्तोत्र १३६ पूर्ण घ्यायचे ठरले आहे. २६ ओव्या, आणि प्रत्येकीच्या शेवटी 'त्याची दया सनातन आहे'. यहुद्यांच्या सभास्थानात 'हल्लेल' (स्तुतिगान) म्हणतात ते हेच का? तिथे पुढे गाणारा आणि लोक यांच्यात वाटणी कशी असते? दुसरे म्हणजे, दहा-बारा ओव्यांनंतर मंडळी चाल ओढते आणि सूरही उतरतो. पेटी-तबला आहे, मंडळी साधारण दीडशे. उपाय सुचवा.

कोकणी_हज्जान
शालोम. नावात थोडा घोळ होतो. नुसते 'हल्लेल' म्हटले की स्तोत्रे ११३ ते ११८. स्तोत्र १३६ हे 'हल्लेल हागादोल', म्हणजे थोरले हल्लेल. ते शब्बाथच्या (शनिवारच्या) सकाळी म्हणतात आणि पेसाहच्या, म्हणजे वल्हांडण सणाच्या, सेदेरमध्येही (रात्रीच्या विधिपूर्वक भोजनातही) येते. सेदेरमध्ये ११३ आणि ११४ जेवणाआधी, ११५ ते ११८ जेवणानंतर, आणि त्यामागून १३६. पुण्यात १८७४ साली मराठी भाषांतरासह हागादा (सेदेरची पोथी) छापली गेली, तेव्हा हा क्रम मराठी वाचकाला नवा नाही. येशू आणि शिष्य 'स्तोत्र गाऊन' जैतुनाच्या डोंगराकडे गेले असे मत्तय २६:३० मध्ये आहे. ते जेवणानंतरचे हल्लेलच असावे, असे बरेच अभ्यासक मानतात.

वाटणीचा नमुना हवा असेल तर ११८ पाहा. पहिल्या चार ओव्या हज्जान (पुढे गाणारा) एकेक म्हणतो आणि प्रत्येकीला लोक पहिल्याच ओवीने, 'होदू लादोनाय की तोव' (परमेश्वराचे उपकारस्मरण करा, कारण तो चांगला आहे), उत्तर देतात. २१ ते २९ या ओव्या दोनदा म्हणायच्या. अपवाद २५वीचा: तिचे दोन तुकडे करून प्रत्येक तुकडा दोनदा. बारकावे समाजागणिक बदलतात, पण लोकांचे उत्तर ठरलेले असते आणि ते त्यांना पाठ असते. तुमच्याकडेही लोकांच्या हातात २६ ओव्यांचा कागद देऊ नका. कागद दिला की डोळे खाली जातात आणि उत्तर उशिरा येते.

सभास्थानात हल्लेल उभ्याने म्हणतात, सेदेरमध्ये बसून. पेसाहच्या शेवटच्या सहा दिवशी आणि रोश होदेशला (नव्या महिन्याच्या आरंभी) ११५ आणि ११६ यांच्या पहिल्या अकरा-अकरा ओव्या गाळतात. पेसाहपुरते त्याचे एक कारण मला फार मोलाचे वाटते: मिसरी लोक समुद्रात बुडाले, म्हणून आनंद पुरता करायचा नाही.

पेटी_काळीदोन
चाल ओढली जाते ती लोकांमुळे नाही, पुढे गाणाऱ्यामुळे. तो ओवीचे शेवटचे अक्षर लांबवतो, लोक ते संपायची वाट पाहतात, आणि दर ओवीला एक मात्रा वाढते. शेवटचे अक्षर आखूड तोडायचे. लोकांचे 'आहे' संपताच पुढची ओवी उचलायची, मध्ये पेटीचा तुकडा नको.

ओव्यांची लांबी सारखी नसल्याने त्या केरव्याच्या ठेक्यात कोंबू नका, शब्द चेपले जातात. ओवी एकाच वाचनस्वरावर म्हणा आणि फक्त शेवटच्या तीन अक्षरांवर स्वर बदला. ती अक्षरे गायकाच्या प्रतीत आधीच अधोरेखित करा, नाहीतर 'अमोऱ्यांचा राजा सीहोन' आला की तो हमखास अडखळतो. तबला अजिबात नको. थांबत-सुरू होत वाजणारा ठेका सव्वीस वेळा कानाला टोचतो. प्रतिसादाला झांजेचा एक ठोका पुरे.

सूर उतरतो कारण वाचनस्वर उंच धरलेला असतो. पुरुष-बायका एकत्र गाणार असतील तर सा पांढरी एक किंवा काळी एक ठेवा आणि वाचनस्वर म. प्रतिसाद सा ते प एवढ्यातच राहू द्या आणि सा वर संपवा. लोक गातात तेव्हा पेटीने सा-प धरून ठेवावा, चाल वाजवू नये. दर ओवीला प्रतिसादासकट दहा सेकंद धरली तर सगळे साडेचार मिनिटांत होते.

स्तोत्रपाठक
दोन गोष्टी जोडतो. ओव्यांचे गट पाडून गायक बदला: १ ते ३ आवाहन, ४ ते ९ सृष्टी, १० ते १५ मिसरातून सुटका, १६ ते २२ अरण्य, राजे आणि वतन, २३ ते २६ आपली दीन अवस्था, अन्न आणि शेवट. चार गायकांत भागते, शेवटचा गट पहिल्याने घ्यावा. कापणीचा सण असेल तर २५वी ओवी, सर्व प्राण्यांना अन्न देणारी, सावकाश म्हणा. वेळ कमी असला तरी ती गाळू नका.

दुसरे, जुन्या कॅथलिक पुस्तकातून चाल घेणार असाल तर तिथे हे स्तोत्र १३५ क्रमांकाला सापडेल. त्या गणनेत ९ आणि १० एकच धरली आहेत, त्यामुळे पुढचे बरेचसे आकडे एकाने मागे आहेत.

गायकवृंद_नगर
आभारी आहे. गायकवृंदाने प्रतिसादात वरचा सूर धरावा का? आणि 'पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांना गौरव' कुठे जोडायचे?

पेटी_काळीदोन
पहिल्या वीस ओव्यांत नको. लोक आपला सूर सोडून गायकवृंदाचा सूर पकडू पाहतात आणि अर्धे गप्प बसतात. २३पासून वरचा सूर आणा, तोवर प्रतिसाद मंडळीच्या अंगवळणी पडलेला असतो. गौरव फक्त २६वीनंतर, त्याच वाचनस्वरावर, सगळ्यांनी उभे राहून. त्याला 'त्याची दया' हा प्रतिसाद जोडू नका, थेट आमेन.